सरबताचे गोत्र

फराळाचे ताट पुढे घेऊन दिवाळी अंक चाळणाऱ्या घरंदाज मंडळींपुढे मद्याचा विषय काढणे बरे दिसत नाही, हे मला कळते. परंतु हा विषय मी बाहेरून आणलेला नाही. तो आपल्याच स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर बसलेला आहे. तिथे कोकमाच्या सरबताची बाटली असते, तिच्या शेजारी लिंबाचा नाही तर आवळ्याचा पाक असतो, आणि थोडे पलीकडे, कुणाच्या तरी अशक्तपणावर आणलेले द्राक्षासव असते. पहिल्या दोन बाटल्या पाहुण्यांपुढे येतात. तिसरी औषधाच्या चमच्याने दिली जाते. या बाटल्या एकमेकींच्या कोण लागतात, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. भाषा शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे तो मला पडला, आणि तोही एका साध्या शब्दावरून.

तो शब्द म्हणजे ‘सरबत’.

अरबी भाषेत श-र-ब असा एक धातू आहे. त्याचा अर्थ ‘पिणे’. या धातूपासून ‘शराब’ हा शब्द झाला. अरबीत त्याचा मूळ अर्थ नुसते ‘पेय’ एवढाच. फारशी आणि हिंदुस्थानी बोलीत आल्यावर मात्र त्याला मद्याचा वास लागला. त्याच धातूपासून ‘शरबत’ झाले आणि मराठीत येताना ‘श’ चा ‘स’ होऊन ते आपल्या घरचे ‘सरबत’ बनले. हाच ‘शराब’ अरबी वैद्यांच्या ग्रंथांतून लॅटिनमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत ‘सिरप’ होऊन बाहेर पडला. डॉक्टर खोकल्यावर लिहून देतात ते सिरप, उन्हातून आलेल्याला आपण देतो ते सरबत, आणि जिचे नाव घरात मोठ्याने घ्यायचे नाही ती शराब, या तिघी सख्ख्या बहिणी आहेत. एक डॉक्टरांकडे दिली, एक गृहस्थाकडे दिली आणि एकीने घराण्याला बट्टा लावला, एवढेच!

कुटुंब इथेच संपत नाही. इंग्रजीत ‘श्रब’ नावाचे एक पेय आहे. फळांचा रस, साखर आणि रम किंवा ब्रँडी एकत्र करून ते इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत घरोघर मुरत घालीत. तोही शब्द याच धातूचा. आणि ‘पंच’ हा शब्द तर आपल्या दारातूनच गेलेला दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ साली जुन्नरपर्यंत येऊन गेला. त्याने गोव्याकडच्या अरकाबद्दल लिहिताना नोंदवून ठेवले आहे की, या अरकापासून इंग्रज लोक जे पेय करतात त्यात पाच जिन्नस असतात, म्हणून त्याला हिंदुस्थानी ‘पाच’ वरून तसे नाव पडले. अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस मानले जातात. आता यातून अरक वजा करा. उरते काय? जायफळ किंवा वेलदोडा घातलेले लिंबाचे सरबत! आपल्या आजीने पाहुण्याच्या हाती दिलेला पेला आणि कंपनी सरकारच्या गोऱ्याने ओठाला लावलेला पेला यांत एकाच जिन्नसाचे अंतर होते.

बरणीतला कारभार

शब्दांचे नाते झाले. पण वस्तूंचे नाते त्याहून जवळचे आहे, आणि ते समजायला कोकणात जायला हवे.

अमृतकोकम करण्याची रीत तिकडच्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. पिकलेले रातांबे धुऊन कोरडे करायचे, मधोमध कापून बिया काढायच्या, त्या लालभडक वाट्यांत साखर दाबून भरायची आणि वाट्या बरणीत रचून वर पुन्हा साखरेचा थर द्यायचा. बरणीच्या तोंडाला फडके बांधून ती उन्हात ठेवायची. चुलीचा संबंध नाही, पाण्याचा थेंब नाही. आठवड्याभरात साखर फळातला रस ओढून घेते आणि बरणीत माणकासारखा लाल पाक साठतो. माझी आत्या ही बरणी अंगणात ठेवायची आणि तिला ओल्या हाताने शिवणाऱ्याची खैर नसे. “साखरेत हात आखडलास की बरणी बोलायला लागते,” असे ती म्हणायची. बरणी बोलते म्हणजे फसफसते. झाकण उघडले की सुस्कारा येतो, वर फेस दिसतो आणि आंबूस-गोड वास नाकात शिरतो.

आत्याने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नव्हते, पण तिचे वाक्य अक्षरशः शास्त्रीय आहे. फळांच्या सालीवर आणि हवेत किण्वाचे, म्हणजे यीस्टचे, सूक्ष्म जीव असतातच. त्यांना साखर हवी, पण साखर खायला पाणीही हवे. पाक दाट असला तर साखर सगळे पाणी स्वतःपाशी धरून ठेवते आणि हे जीव साखरेच्या डोंगरावर बसून तहानेने निजतात. म्हणून बाजारच्या फळांच्या सिरपात शंभर भागांत पासष्ट भाग तरी गोडी राखतात. पाक पातळ झाला की या जिवांचे फावते. ते साखर खातात आणि तिच्या बदल्यात दोन गोष्टी मागे ठेवतात : मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू. फेस त्या वायूचा आणि वास त्या मद्यार्काचा.

फ्रान्समध्ये लुई पाश्चर याने १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिले की, आंबणे हे जिवंत जिवांचे काम आहे. पुढे १८९७ साली एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट चिरडून गाळलेल्या, जीव नसलेल्या रसानेही साखरेचे मद्य होते हे सिद्ध केले आणि १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळवले. जीव नसला तरी जिवाच्या पोटातली पाचक द्रव्ये काम करतात, असा त्याचा अर्थ. पण नाव मात्र आपलेच जुने. ‘किण्व’ हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याच अर्थाने आलेला आहे, आणि आज शाळेच्या पुस्तकात मुले ‘किण्वन’ पाठ करतात ती त्यावरूनच.

थोडे गणित करू. मराठीची प्राध्यापिका गणित घालते आहे म्हणून घाबरू नये. हिशेब वाण्याच्या यादीइतका सोपा आहे. एक लिटर रसातली साधारण सतरा ग्रॅम साखर आंबली की त्यात एक टक्का मद्यार्क तयार होतो. आपल्या पेल्यातल्या चांगल्या गोड सरबतात लिटरमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर सहज असते. ती सगळी आंबली तर सहा-सात टक्के मद्यार्क होईल, म्हणजे बाजारातल्या बिअरइतका! सरबत आणि मद्य यांच्यामध्ये कोणतीही भिंत नाही. मध्ये फक्त काही दिवस आहेत.

प्रत्यक्षात टेबलावर विसरलेले सरबत सुंदर मद्य होते असे मात्र नाही. किण्वाबरोबर बुरशी येते, आणि हवा लागत राहिली तर दुसरे जंतू मद्यार्काचे आम्ल करून टाकतात. मग मिळतो तो शिरका. फ्रेंच भाषेत ‘व्हिनेगर’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘आंबट झालेली वाईन’ असा आहे. निसर्गाला मद्यात रस नाही. त्याला साखरेचे पाणी करून टाकायचे असते. वाटेत योग्य जागी थांबवणे हे माणसाचे कसब. हे कसब आपल्याकडे कोणी आणि कसे कमावले, ते पाहण्यासारखे आहे.

कवठ, काकवी आणि मध

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांची मोजदाद केली आहे. एकूण चौऱ्यांशी. धान्याची सहा, फळांची सव्वीस, मुळांची अकरा, झाडांच्या गाभ्याची वीस, फुलांची दहा, कांड्यांची चार, पानांची दोन, सालींची चार आणि साखरेचे एक. फळांच्या सव्विसांत द्राक्षे आणि खजूर आहेतच. पण जांभूळ, आवळा, कवठ, बोर, चारोळीचे फळ, फणस, उंबर आणि शिंगाडाही आहे. ही यादी वाचताना एखाद्या मंडईतून फिरल्यासारखे वाटते. ज्या फळाचे आपण सरबत किंवा मुरंबा करतो, त्यांतल्या बहुतेकांचे कुणीतरी कधीतरी आसव केलेले आहे.

कौटिल्याने तर कृतीच दिली आहे, आणि तीही प्रमाणासह. एक तुळा कवठ, पाच तुळा फाणित आणि एक प्रस्थ मध. फाणित म्हणजे उसाचा आटवलेला दाट रस. आपल्या काकवीची पणजी म्हणा. फळ एक भाग आणि गोड पाक पाच भाग! हे म्हणजे पाकापासून केलेले फळांचे मद्यच झाले. जिन्नस चतुर्थांशाने वाढवले की उत्तम प्रत आणि चतुर्थांशाने घटवले की कनिष्ठ प्रत, असेही तो सांगतो. राज्यशास्त्र लिहिणारा हा ब्राह्मण कवठ मोजताना एखाद्या सुगरणीसारखा काटेकोर आहे.

वैद्यांनी या कसबाचे पुढे शास्त्र केले. शार्ङ्गधराने सांगून ठेवले की, औषध न उकळता पाण्यात घालून मुरवले तर ते ‘आसव’ आणि औषधाचा काढा करून मुरवले तर ‘अरिष्ट’. प्रमाण वेगळे दिलेले नसेल तर एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या एक दशांश चूर्ण घ्यावे. त्यात धायटीची फुले पडतात. तांबडी, बारीक, मधाने भरलेली ही फुले म्हणजे वैद्यांचे यीस्टच. फुलांतल्या मधाबरोबर किण्वाचे जीव घड्यात उतरतात. घड्याला आतून तूप चोळायचे, तोंड कापडमातीने लिंपायचे आणि घडा धान्याच्या राशीत पुरून महिनाभर ठेवायचा. धान्याची रास कशासाठी? तर आतली ऊब दिवसा-रात्री सारखी राहावी म्हणून. तयार झाले की नाही, हे ओळखायच्या खुणाही सुंदर आहेत. घड्याला कान लावायचा. आत सळसळ चालू असेल तर काम संपलेले नाही. जळती काडी तोंडाशी धरायची. विझली तर आत अजून वायू उठतो आहे, तेवत राहिली तर आसव सिद्ध झाले.

ख्रिस्ती घरांतली नाताळची वाईन याच कुळातली. गोव्यात, वसईत, वांद्र्याच्या जुन्या वाड्यांत मनुका, काळी द्राक्षे किंवा जांभळे यांपासून ती करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फळ कुस्करायचे, साखर आणि कोमट पाणी घालायचे, चिमूटभर यीस्ट, मूठभर गहू, दालचिनीचा तुकडा आणि दोन लवंगा टाकायच्या; चिनी मातीच्या बरणीत तीन आठवडे ठेवून रोज लाकडी डावाने हलवायचे आणि मग गाळून पुन्हा निवत ठेवायचे. कार्तिकातल्या वैद्याच्या घड्यात आणि मार्गशीर्षातल्या या बरणीत फरक आहे तो धायटीचा आणि दालचिनीचा.

या साऱ्या कृतींत एक गोष्ट समान आहे. घडा केवढा, फळ किती आणि हंगाम कोणता यांनी मद्याला कुंपण घातलेले होते. जांभळे संपली की जांभळाचे आसव संपले. शिवाय किण्व स्वतःच स्वतःला आवर घालतो. मद्यार्क चौदा-पंधरा टक्क्यांवर गेला की बहुतेक किण्वाचे जीव आपल्याच उद्योगात बुडून मरतात. त्यापुढचे, तीव्र मद्य हवे असेल तर भट्टी लावून ऊर्ध्वपातन करावे लागते. कुंपण मोडते ते तिथे.

घेणारे आणि पिणारे

आता थोडे माझ्या प्रांतात यावे. मराठीत मद्यासाठी क्रियापदे दोन आहेत. साहेब ‘घेतात’, रामा गडी ‘पितो’. साहेबांच्या घरी मंडळी ‘बसतात’. झोपडपट्टीत लोक ‘ढोसतात’. साहेबांना ‘जरा जास्त झाली’, गड्याला ‘चढली’. द्रव्य तेच, यकृत तेच, पण व्याकरण वेगळे. मी वर्गात शब्दार्थाची ही उतरंड फळ्यावर मांडते तेव्हा मुले हसतात आणि मग एखादा गप्प होतो. त्याच्या घरी कोणते क्रियापद चालते, हे विचारण्याचा मला अधिकार नाही.

औषधाच्या चमच्यालाही असेच एक व्याकरण आहे. द्राक्षासवाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, यात स्वयंनिर्मित मद्यार्क आहे. साधारण पाच ते दहा टक्के. ज्या घरात बिअरचे नाव काढलेले खपत नाही, त्या घरात तितक्याच टक्क्यांचे आसव ‘भूक लागावी म्हणून’ दिले जाते. मी आसवाची निंदा करीत नाही. चमचा आणि पेला यांत मोठेच अंतर आहे, आणि मात्रा हेच तर औषधाचे सर्वस्व. चरकही म्हणतो की, रीतीने घेतले तर मद्य अमृतासारखे आणि रीत सोडली तर विषासारखे. पण बाटलीवरचे अक्षर वाचल्याशिवाय लहान मुलाला ‘टॉनिक आहे’ म्हणून पाजणे, किंवा गर्भारशीला शेजारणीच्या सांगण्यावरून देणे, हे सोवळ्याच्या नावाखाली झाकलेले अज्ञान आहे. ते वैद्याला विचारूनच द्यावे.

न्यायालयालाही एकदा हाच चमचा मोजावा लागला. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी आली. मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव त्या कायद्याच्या व्याख्येत ओढला गेला. मुंबईचे एक नागरिक एफ. एन. बलसारा न्यायालयात गेले. त्यांच्या मागणीत व्हिस्की-ब्रँडी होती, तशीच औषधी वाईन आणि ओ-द-कोलोनही होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बंदीचा कायदा मूलतः उचलून धरला. पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने वापरण्यास मनाई करणारा भाग रद्द केला. थोडक्यात, पेल्यावर बंदी राहिली आणि चमचा सुटला.

बंदीच्या त्या वर्षांत मुंबईत चोरटे गुत्ते चालले. त्यांतले अनेक बायका चालवीत, आणि गिऱ्हाइकांनी त्यांना नाव दिले ते नात्याचे : ‘आंटी’. मराठी माणूस गुत्त्यातही नाते जोडून बसला! आणखी एक मौज पाहा. ज्या १९५० साली बंदी आली, त्याच साली हंगाम धरून प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. सहकारी साखरेने पुढे महाराष्ट्राचे रूप पालटले. साखर झाली की मळी उरते, आणि मळी म्हणजे कौटिल्याच्या फाणिताचीच दूरची नात. आपल्या देशात ‘व्हिस्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा मोठा भाग याच मळीच्या मद्यार्कावर उभा आहे. एका हाताने बंदी लिहिली जात असताना दुसऱ्या हाताने कच्चा माल रचला जात होता.

तो १९४९ चा कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने चालू आहे. कायद्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, आणि परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा वर दिलेल्या कृती माहितीसाठी आहेत. बरणी घेऊन बसण्यासाठी नाहीत. कौटिल्य या बाबतीत किंचित सैल होता. त्याने मद्यावर अधिकारी नेमला, बाहेर विकणाऱ्यांना दंड सांगितला. पण घरातल्या मंगलकार्यासाठी गृहस्थाला पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करू द्यावे, अशी मुभा ठेवली. उत्सवाच्या आणि जत्रेच्या वेळी चार दिवस मोकळीक द्यावी, असेही तो म्हणतो. म्हणजे अडीच हजार नव्हे तरी दोन हजार वर्षे तरी आपण परवान्याच्या रांगेत उभे आहोत.

बाटली आडवी

इथपर्यंत वाचून एखादी वाचक भगिनी म्हणेल, “बाई, शब्दांच्या आणि कवठांच्या गंमती सांगता, ज्या घरात नवरा रोज संध्याकाळी पगार पिऊन येतो, त्या घरात जाऊन सांगा.” हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, रेट्यामुळे. चंद्रपुरात २०१५ साली आली, २०२१ साली उठवली गेली. गावोगावच्या बायका मतदान करून दुकान बंद पाडतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईला ‘शराब’ आणि ‘सरबत’ यांचा धातू एक आहे हे कळून काय उपयोग? तिला धातू नको, पगार हवा आहे.

पण म्हणूनच काय आंबते, काय गाळले जाते आणि काय मिसळले जाते, यांतला फरक सर्वांना कळायला हवा. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ती फळाच्या रसाने गेली नाहीत की किण्वाच्या जिवांनी गेली नाहीत. ती मिथेनॉलने गेली. मिथेनॉल हा कारखान्यात रंग-रसायनांसाठी वापरायचा मद्यार्क. दिसायला तसाच, वासाला जवळजवळ तसाच, आणि किमतीला स्वस्त. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते. आधी दृष्टी जाते, मग जीव जातो. चव घेऊन तो ओळखता येत नाही. अशी दारू प्यालेल्याला डोळ्यांपुढे धुके दिसू लागले, पोटात कळा आल्या तर एक क्षण न दवडता रुग्णालयात न्यावे. “झोपू द्या, उतरेल” म्हणून वाट पाहिली की माणूस हातचा जातो. ‘पिणारा’ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या शेजाऱ्यांनी तर हे अधिकच लक्षात ठेवावे.

घरातल्या बरणीचाही एक धोका सांगून ठेवते. आंबू लागलेल्या पाकाची बाटली घट्ट बुचाने बंद करू नये. दहा ग्रॅम साखर आंबली तरी अडीच लिटरच्या आसपास वायू होतो. तो बाटलीत कोंडला की काच फुटते, आणि पावसाळ्यात स्वयंपाकघरात झालेला असा स्फोट म्हणजे भिंतीवर रातांब्याचे चित्र आणि अंगावर काचा! सरबताला फेस आला, बूच उडाले, गोडीत तिखटसर चुणचुण लागली, तर ते ‘वाया जाऊ नये’ म्हणून मुलांच्या पेल्यात ओतू नये. टाकून द्यावे. पुढच्या खेपेला साखरेत हात आखडू नये, बरणी आणि डाव कोरडे ठेवावेत आणि उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवावी.

मी ही चर्चा मांडली ती कुणाला पेल्याकडे वळवण्यासाठी नाही आणि कुणाच्या पेल्याला नावे ठेवण्यासाठीही नाही. फळीवरच्या बाटल्या एकाच कुळातल्या आहेत, हे एकदा कळले की दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे आपल्या सोवळेपणाचा ताठा; कारण ज्याला आपण औषध म्हणतो आणि ज्याला दुसऱ्याचे व्यसन म्हणतो, त्यांच्यात जातीचा फरक नाही, मात्रेचा आणि पथ्याचा आहे. आणि दुसरी म्हणजे कुजबूज. मुले मोठी होतात, शहरात जातात, नोकरीच्या मेजवान्यांना बसतात. ज्या गोष्टीचे घरात नावच घेतलेले नसते, तिची मात्रा त्यांना कोण शिकवणार? सतरा ग्रॅम आणि एक टक्का हे गणित, मिथेनॉलची खूण, आसवाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर, एवढे तरी त्यांनी आपल्याच तोंडून ऐकावे.

आणि हो, या दिवाळीत दारी येणाऱ्याला कोकमाचे सरबत जरूर द्या. त्यात जिऱ्याची पूड घाला, चिमूटभर सैंधव घाला. वर एखादा चाणाक्ष पाहुणा विचारीलच, “यात काही घातलंय का हो, वहिनी?” तर न बिचकता त्याला सांगा, “नाही भावजी, हे घेण्यातलं नव्हे, पिण्यातलं आहे.”